देवीसाठी शोधलेला अगरू

लढाईत देवळाबरोबर देवीची मूर्ती जळाली, त्याला आठ वर्षं झाली होती. देऊळ पुन्हा उभं राहिलं, पण देव्हारा रिकामाच होता. वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातल्या जत्रेआधी नवी मूर्ती कोरायची, तीही अगरूच्या सुगंधी लाकडाची, असं गावानं ठरवलं. घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा झाला आणि आम्ही तिघं थू बॉन नदीनं वर निघालो. होडी माझी. जंगलाची माहिती ब्लिंग आजोबांना. ते डोंगरातले, कातू लोकांपैकी. तिसरा थाक, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला सोबत घ्या म्हणून मीच हट्ट धरला होता.

हॉन केमच्या खिंडीत नदी दोन काळ्या कड्यांमध्ये चेपली जाते. तिथून होडी दोरानं ओढत वर नेली, काठाला बांधली आणि जंगलात शिरलो. अकरा दिवस पाऊस, जळवा आणि मीठ-भात. बाराव्या दिवशी आजोबांनी एका कुजक्या खोडात कुऱ्हाड घातली आणि ते थांबले. आतला गाभा काळाभोर, तेलकट. त्याची एक ढलपी त्यांनी ओढ्यात टाकली. दगडासारखी तळाला गेली! अस्सल अगरू पाण्यात बुडतो.

"देवी पावली," आजोबा म्हणाले.

थाक नुसता बघत राहिला. सोन्याच्या भावानं विकलं जाणारं लाकूड होतं ते.

तो ओंडका खांद्यावरून होडीपाशी आणला आणि दमून तिथेच आडवे झालो. सकाळी जाग आली तर होडी नव्हती. ओंडकाही नव्हता.

"दाजी मासे धरायला गेले असतील," मी म्हणाले.

"तांदळाची पिशवी घेऊन?" आजोबांनी विचारलं.

मला राग येईना. ताईच्या लग्नात या माणसाला मीच वल्हवत मांडवापर्यंत नेलं होतं.

बांबू तोडले, वेतानं आवळले, तराफा पाण्यात लोटला. दुपारी खिंड आली. पाण्यानं तराफा उचलला. आपटला. गरकन फिरवला! आजोबांच्या हातातला बांबू मोडला. समोर खडकावर माझी होडी, दोन तुकडे झालेली. त्याखाली एका मुळाला थाक लटकला होता. पाठीला बांधलेला ओंडका त्याला खाली ओढत होता.

"न्यान, हात दे."

"आधी गाठ सोडा, दाजी."

"नाही सोडणार. तू ओढ नुसती."

नाकातोंडात पाणी गेलं, तरी त्याचा एक हात गाठीवरच. मी उडी मारली. कोयत्यानं दोर कापला. ओंडका सरळ तळाला गेला.

थाकला तराफ्यावर ओढून घेतलं आणि गावाला आलो. घाटावर सगळं गाव जमलं होतं. मी तोंड उघडायच्या आत थाक बोलला, "लाकूड मिळालं होतं. मी होडीतून आणत होतो. मागून तराफ्यावर येऊन हिनं दोर कापला."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी नाही कसं म्हणणार? कापला होताच.

ताई पुढे आली. नवऱ्याचा ओला सदरा तिनं वर केला. पाठीवर दोराचे वळ उठले होते.

"तुमच्या पाठीला का बांधला होता?" तिनं विचारलं. "आणि हे दोघं मागून तराफ्यावर कसे आले?"

थाकनं सदरा खाली ओढला. ताईनं त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही; त्याला सोबत नेण्याचा हट्ट माझाच होता. देवळात गेली आणि रिकाम्या देव्हाऱ्यासमोर एकटीच बसून राहिली.