तीन वाजताचं ‘आहे’

मी नकाशे काढते. जमिनीचे नव्हे, एखाद्या कंपनीत कोणकोणती सॉफ्टवेअरं चालतात आणि माहिती कुठून कुठे जाते, त्याचे. प्रत्येक सिस्टिमचं एक कार्ड, माहिती जाते तिथे दोरा, दोऱ्याच्या टोकाला बाण. सगळं भिंतीवर लावलं की काय ठेवायचं, काय बदलायचं आणि काय बंद करायचं, ते वरिष्ठांना उभ्या उभ्या कळतं. हे संगणकावरही करता येतं, पण भिंतीसमोर उभं केलं की माणसं थापा कमी मारतात, असा माझा अनुभव आहे.

माझी एक सवय इथेच सांगून ठेवते. कोणाला विचारलं, तो काय म्हणाला, कसा म्हणाला, हे मी त्या त्या कार्डाच्या मागे लगेच लिहिते. स्मरणशक्तीच्या भरवशावर मी कधीच काम केलेलं नाही.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि त्यांची देखभाल करते. चार मजल्यांत एक्केचाळीस सिस्टिम. त्यातल्या कोणत्या बंद करायच्या, याची यादी संचालक बाईंना महिनाअखेरीपर्यंत हवी होती. मला तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली मिळाली होती. तिची खिडकी नीट लागत नसे, आणि वारा आला की भिंतीवरची सगळी कार्डं एकदम फडफडत.

तळमजल्यावर जुन्या आराखड्यांचा विभाग होता. तिथे एकटाच माणूस, तो म्हणजे माझा दादा. बावीस वर्षं तिथेच. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, लग्न न केलेला. आई, तो आणि मी एकाच घरात. त्याच्या कार्डामागे मी कामापेक्षा जास्तच लिहून ठेवलं आहे. खुर्चीत डाव्या हातावर रेलून बसायचा. मी खाली गेले की म्हणायचा, “काय ठमाकाकू, आज कोणाच्या पोटावर पाय?”

ती गोष्ट पहिल्यांदा त्याच्याकडेच दिसली. बरोबर तीन वाजता त्याच्या पडद्यावर एक करडी चौकट आली. तीत एकच शब्द होता, ‘आहे?’ आणि खाली एकच बटण, ‘आहे’. दादाने बोलता बोलता ते दाबलं. चौकट गेली.

“हे काय?”

“रोज येतं. दाबायचं.”

“कशासाठी?”

“चालत आलंय. दाबायला काय जातंय?”

मग मी सगळीकडे विचारत सुटले. तक्रार नोंदणी, तपासणीचं वेळापत्रक, सुटे भाग, सात विभागांत सात टेबलांवर तीन वाजता तीच चौकट येत होती. कामाचा ताबा देताना प्रत्येकाने पुढच्याला सांगितलं होतं, तीन वाजता जागेवर असायचं. सुट्टीवर जाणार असलात तर शेजारच्याला सांगून जायचं, म्हणजे तो तुमच्यासाठी दाबतो.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या जरा खालच्या आवाजात बोलल्या. “माझ्या आधीचा माणूस म्हणे कोणाला न सांगताच राहिला घरी.”

“मग काय झालं?”

“कोणाला माहीत? तो कोण होता तेच कोणाला सांगता येत नाही.”

“मग होता कशावरून?”

“मी आले तेव्हा खुर्ची झिजलेली होती ना.”

मी ते लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे कंसात ‘गप्पा’ असं लिहिलं.

भिंतीवर त्या सात टेबलांचे सात दोरे ‘आहे’च्या एकाच कार्डाकडे जात होते. त्या कार्डातून एकही बाहेर येत नव्हता. सर्व्हर सांभाळणारा इंजिनियर म्हणाला की एका जुन्या मशीनवर ते चालतं. कोणी बसवलं, कधी बसवलं, त्याची नोंद नाही. माझा नियम साधा आहे. ज्यातून काही बाहेर पडत नाही, ते बंद. त्या नियमाचा मला थोडा गर्वही होता.

पण एकदम सगळं बंद करत नाहीत. आधी एका विभागात बंद करून बघतात, आणि विभाग असा निवडतात की काही बिघडलं तर बोंब होणार नाही. मी दादाचा निवडला. घरचाच माणूस, काही वाटलं तर संध्याकाळी सांगेल.

“कर, आमच्यावरच हात साफ कर,” तो म्हणाला.

बुधवारी तीन वाजता त्याच्याकडे चौकट आली नाही. सव्वातीनला त्याचा फोन आला. “आज विचारलंच नाही गं. उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.”

गुरुवारी सकाळी फाटकावर त्याचं ओळखपत्र चाललं नाही. ते होतं कधी कधी. पण पहारेकऱ्याने त्याला विचारलं, “कोणाला भेटायचंय?” दोघं वीस वर्षं रोज एकमेकांना हात करत आले होते. दादाने पाहुण्यांच्या वहीत सही केली आणि दिवसभर तो किस्सा सगळ्यांना सांगायचा प्रयत्न केला. लोक ऐकता ऐकता दुसऱ्या कामाला लागत.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्या खुर्चीवर कोणीतरी फायलींचे तीन खोके ठेवले होते. कोणी ठेवले ते त्याने विचारलं. “रिकामी होती,” इतकंच उत्तर आलं.

शनिवारी आईने दोन कप चहा ओतला.

“आई, तीन.”

आईने दादाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिसरा कप घेतला.

“घरातही वहीत सही करू का?” दादा म्हणाला. हसला, पण चहा अर्धाच प्यायला. त्या दिवसापासून मी घरचंही कार्डांवर लिहायला लागले. पहिल्या कार्डावर एकच ओळ आहे: मला भीती वाटते आहे.

सोमवारी ऑफिस उघडताक्षणी मी इंजिनियरला गाठलं. दहा मिनिटांत त्याने सगळं पूर्ववत केलं. “नकोच होतं ना तुम्हाला?” त्याने विचारलं.

पावणेतीनला मी तळमजल्यावर गेले. दादा आधीच रेलून बसला होता.

तीन वाजले. चौकट आली.

आहे?

दादाने बटण दाबलं. चौकट तशीच राहिली.

त्याने पुन्हा दाबलं. मग एंटर दाबलं. मग माउस पुसून पाहिला. चौकट हलेना.

“तू बघ गं,” तो म्हणाला आणि उठून उभा राहिला.

मी बसले. बटण दाबलं.

चौकट गेली.

“घ्या,” दादा माझ्या मागून म्हणाला. “शेवटी ठमाकाकूंचंच ऐकलं.” त्याला हायसं वाटलं होतं. मलाही. “साडेपाचला बरोबरच निघू.”

साडेपाचला मी खाली आले. दिवा बंद होता. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला हात केला. “आराखड्यांच्या खोलीची किल्ली आज जमा केली नाही तुम्ही.” किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

घरी आईने दोन कप ओतले.

“आई, तीन.”

“का गं? कोण येणार आहे?”

मी यादी वेळेत दिली. ‘आहे’चं कार्ड हिरव्यात लावलं, म्हणजे कायम ठेवायच्या सिस्टिमांमध्ये. संचालक बाईंनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हटलं, चालत आलंय.

आता आराखड्यांचा विभाग मीच बघते. इंजिनियर म्हणतो, पहिल्यापासून मीच बघत होते, नकाशाचं काम जादाचं. फोनच्या यादीतही माझंच नाव आहे. तीन वाजता मी जागेवर असते. सुट्टी घेत नाही.

वर जे लिहिलं, ते सगळं कार्डांच्या मागून उतरवून काढलं आहे. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. आईला मी एकटी. पण अक्षर माझं आहे, तारखा लागोपाठ आहेत, आणि मी खोट्या नोंदी करत नाही. शिवाय खुर्चीचा डावा हात झिजलेला आहे, आणि मी उजवीकडे रेलते.

दुपारी मावशी कधी खाली येतात, थोडा वेळ बसतात. त्या गेल्या की मी कार्डं काढून पुन्हा वाचते. त्याने मला ठमाकाकू म्हटल्याचं पाच ठिकाणी लिहिलेलं आहे. तसं म्हटलं की मला राग यायचा की हसू, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.