चौथ्या टेपेवरचा रिपोर्ट

कोल्ड स्टोरेजच्या चेंबरचं दार आतून का उघडलं नाही? टेम्पोवाल्या छोट्याने हे मालकापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. हसू नका पोरांनो, माझ्या सख्ख्या साडूच्या डोळ्यांदेखत घडलंय हे.

साडू कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात रात्रपाळीचा ऑपरेटर. छोट्याची थोरली बहीण तिथेच कामाला. चेंबर-चेंबर फिरून तापमान बघायचं आणि वॉकीटॉकीवर रिपोर्ट बोलायचा; तो आपोआप रेकॉर्ड व्हायचा. नोव्हेंबरात अशाच एका फेरीत ती तिसऱ्या चेंबरमध्ये अडकली. सकाळी गोठलेली सापडली.

डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. छोट्या बाहेर टेम्पो लावून थेट आत घुसला.

"काका, ताईचा शेवटचा रिपोर्ट ऐकवा."

"कॉम्प्युटरवरचा कधीच काढला रे. बॅकअपच्या टेपा चार. दर शनिवारी सगळ्यात जुनी पुसून तिच्यावर नवा बॅकअप. ताई उरलीय ती फक्त चौथ्या टेपेवर, आणि आज पुसायचा नंबर त्याच टेपेचा."

"मग मी नेतो ती."

"आणि माझी नोकरी? तुझा बाप पोसणार का मला?"

छोट्या कसला ऐकतोय! त्याने मशीनमधून टेप उपसली, स्वेटरात कोंबली आणि दाराकडे वळला.

टेबलावरची वॉकीटॉकी खरखरली.

"चेंबर एक. उणे अठरा. ठीक."

साडूने वॉकीटॉकी उलटी करून बघितली. तिची बॅटरी काढून शेजारी चार्जिंगला लावलेली होती.

"चेंबर दोन. उणे अठरा. ठीक."

नुसती खरखर...

"चेंबर तीन..."

धाप. हुंदका. आणि पुन्हा, "चेंबर एक. उणे अठरा..."

"ताई!" छोट्या ओरडला. "घाबरू नकोस! पुसू देत नाही मी तुला!"

त्याने वॉकीटॉकी उचलून कानाशी धरली.

"नको ना रे छोट्या... टेप आहे तोवर माझी रात्रपाळी सुटत नाही. रोज तिसऱ्यात जाते मी... थकले."

छोट्याने ती तोंडाशी आणली. "आणि मग तुझा आवाज? तो कुठे ऐकू मी?"

वॉकीटॉकीतून नुसते दात वाजत होते...

छोट्याने स्वेटरात हात घातला. टेप परत मशीनमध्ये सारली.

"काका, बटण कुठलं?"

साडूने बोट दाखवलं. दाबलं छोट्यानेच.

वॉकीटॉकी खरखरली. थांबली.

टेप पुसून बाहेर आली. एरवी त्या मशीनमधून टेप गरम निघते. हिच्यावर बर्फ होता. बर्फात चार बोटं उमटलेली... बारीक, बाईची.

छोट्याने ती टेप दोन्ही तळव्यांत धरली आणि तोंडाची वाफ देत बसून राहिला.