हातभर वाट

सौंसरच्या स्टँडवर बसमध्ये जागा धरायची एक रीत होती. बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची सीट. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी. रीत इतकी पक्की की भांडण झालंच तर कंडक्टरसुद्धा रुमालाच्या बाजूनं निकाल देई.

शहाऐंशी सालचा भादवा. गोटमार, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगावनं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची जत्रा, होऊन आठवडाही झाला नव्हता. बसमधल्या दोन-तीन डोक्यांवर अजून पट्ट्या होत्या. छाया गजभियेकडे त्या दिवशी रुमाल नव्हता. बोरगावच्या शाळेत ती शिकवायची, पांढुर्ण्याहून रोज जाऊन-येऊन. हातात होती वांग्याच्या रोपांची जुडी, ओल्या पळसपानांत गुंडाळलेली. बोरगावच्या केसरबाईनं दिलेली. केसरबाई आपली रोपं सख्ख्या जावेलाही देत नसे, तेव्हा या जुडीचं मोल काय ते समजा. पण गर्दी अशी उसळली की छायानं मागचापुढचा विचार न करता जुडीच खिडकीतून आत ठेवली.

ती आत पोचली तेव्हा त्या सीटवर एक तरुण बसला होता. अगदी निवांत. चेहऱ्यावर जागा मिळाल्याचं समाधान होतं.

"उठा," छाया म्हणाली.

"काहून?"

"तुम्ही माझ्या वांग्यांवर बसून राहिले."

तरुणानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मग जो उठला तो थेट वरच्या दांडीवर डोकं आपटून. पळसपानांचा चपटा पापड झाला होता. मधून एक-दोन हिरवी पानं बिचारी मान वर काढत होती.

"माफ करा... मला वाटलं गादी आहे."

"एमपीच्या बसमध्ये?"

पट्टीवाले प्रवासी हसले. तरुण लाल झाला. लाल झाला की त्याचे कान आधी लाल होतात, हे छायाच्या उगाचच लक्षात आलं. तिनं रोपं मांडीवर घेतली, खिडकीकडे तोंड केलं. संत्र्याच्या बागा मागे पळू लागल्या.

"मी भरून देईन," तो दांडीला लोंबकळत म्हणाला. "मी उत्तम. उत्तम डोंगरे. नवा पटवारी आहे, पांढुर्ण्याला बदली झाली. आज खोली पाहायला चाललो. म्हणजे खोली अजून नाही, पण होणार आहे. रेल्वेतून रिटायर झालेले भाऊराव पॉइंट्समन आहेत, त्यांच्या परसात..."

छायानं मान वळवली. भाऊराव पॉइंट्समन हे तिचे बाबा होते. आणि ज्या परसात ही खोली होणार होती, त्याच परसात ती वांगी लागणार होती. म्हणजे हा माणूस नुसता तिच्या रोपांवर बसला नव्हता. तो अख्ख्या बागेवर बसायला निघाला होता.

"चला," ती गोड आवाजात म्हणाली. "घर मला माहीत आहे."

परसात विटा येऊन पडल्या होत्या. गेलेल्या आईनं लावलेल्या गोडनिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, टेकून, बरोबर तिथे, जिथे छाया तीन वर्षं मनातल्या मनात मेथी पेरत होती. भाऊरावांनी उत्तमला जयभीम घातला, चहा पाजला आणि अर्ध्या तासात त्याला रेल्वेतल्या सगळ्या धुक्याच्या रात्री सांगून टाकल्या. उत्तम ऐकत होता. खरंच ऐकत होता, मधेच "मग गाडी थांबली का हो?" असंही विचारत होता. बाबांना इतकं खूश छायानं रिटायर झाल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिला जास्तच राग आला.

"बाबा, खोली होणार नाही. इथं भाजीची बाग होणार."

"तुही बाग कुठं हाय?" बाबा म्हणाले. "डोक्यात. माह्या खोलीच्या विटा येऊन पडल्या."

"पण तुम्हाला भाडेकरू पाहिजेच कशाला?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "तू उद्या लगन करून जाशीन. मंग मी कोणाशी बोलू? मिरचीशी?"

हे ऐकून छाया हट्टाला पेटली. खरं सांगायचं तर तिला जायचंच नव्हतं. या घरातून, या गोडनिंबापासून, या रोज पाचाच्या गाडीची शिट्टी ऐकून घड्याळ लावणाऱ्या माणसापासून. पण हे असं बोलून दाखवायचं नसतं. म्हणून ती बागेबद्दल बोलायची.

"मिस्त्री दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येते," बाबा म्हणाले. "तवापर्यंत नक्शा दाखव. कोणता वाफा कुठं, पाणी कसं, सगळं. मले पटलं तर विटा तुह्या. नाई पटलं तर खोली. लाईन क्लिअर?"

"क्लिअर," छाया म्हणाली. आणि उत्तमकडे वळली. "तुम्ही भरून देणार होते ना? नक्शा तुम्ही काढा."

"मी?" उत्तमच्या घशात चहा अडकला. "म्हणजे माझीच खोली मीच..."

"रोपांवर बसायच्या आधी विचार करायला पाहिजे होता."

रविवारी तो जमीन मोजायची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून आला. पटवाऱ्यांच्या भाषेत तिला जरीब म्हणतात, आणि ती खळखळली की गावातली भावंडं एकमेकांकडे संशयानं पाहू लागतात. इथे भावंडं नव्हती. साखळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं छायाच्या.

"ताणून धरा."

"ताणलीच आहे. तुम्हीच ढील देऊन राहिले."

"मी कधीच ढील देत नाही. सरकारी माणूस आहे."

साखळी ताणली गेली. मधे गवतावर रात्रीच्या पावसाचे थेंब होते. ते एकदम उडाले आणि दोघांच्याही तोंडावर आले. छायानं पदरानं तोंड पुसलं. उत्तमनं पुसलंच नाही. तो पाहत राहिला... मग घाईघाईनं वहीत काहीतरी लिहिलं. ते माप पुढे चुकीचं निघालं.

पुढच्या रविवारी नकाशा आला. सुबक, शाईनं काढलेला, प्रत्येक वाफ्याला शेताच्या सर्व्हे नंबरासारखा खसरा क्रमांक. छायानं तो पाटावर पसरला आणि पाहतच राहिली.

"हे काय आहे?"

"रस्ता. वांग्यांना वहिवाट."

"आणि हे?"

"मेथीला वहिवाट. हा भेदरांना. हा सांबाराला, इकडून मिरचीलाही जाता येते." भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर; वाटेवाचून कोणीच राहिलं नव्हतं.

"पटवारी साहेब, यात भाजी कुठं आहे? सगळे रस्तेच आहेत. या रस्त्यानं बैलगाडी जाईल!"

उत्तमनं मनापासून समजावलं. "तुम्हाला माहीत नाही. जितके झगडे मी पाहिले, सगळे रस्त्याचे. याला आपल्या शेतात जायला वाट नाही, त्यानं धुरा-बांध कोरला. वाट सोडली असती तर माणसं सुखानं राहिली असती."

"मेथी आणि मिरची कोर्टात जाणार नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

ती हसली. हसायचं नाही असं ठरवून हसली, त्यामुळे जरा जास्तच झालं. मग शिसपेन घेऊन तिनं रस्त्यांवर काट मारायला सुरुवात केली. एकच वाट ठेवली, विहिरीपासून गोडनिंबापर्यंत.

"ही पुरते. हातभर रुंद."

"हातभर? दोघं समोरासमोर आले तर?"

"एकानं बाजूला व्हायचं."

"कोणी?"

"ज्याला घाई नाही त्यानं."

उत्तमनं नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला... कधीच घाई नसते," तो म्हणाला. आणि कान लाल झाले.

अर्थात चुका त्यानंच केल्या असं नाही. दोडक्या-कारल्यांचा मांडव छायाला विहिरीला लागून हवा होता, दक्षिणेच्या बाजूला. पाणी जवळ पडतं म्हणून. उत्तमनं तो आधी तसाच आखला. मग एका सकाळी विहिरीपाशी उभा राहून म्हणाला, "इकडे या. माझी सावली पाहा."

"तुमची सावली मी काहून पाहू?"

"ती तुमच्या मेथीवर पडून राहिली म्हणून."

मेथीच्या ठरलेल्या जागेवर ती खरंच पडली होती. लांबलचक, डोक्यावरच्या विस्कटलेल्या केसांसकट. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडे कललं की सावली अशीच लांब, पण उत्तरेला पडणार. मांडव चढला की मागची सगळी बाग अंधारात बसणार. छायाला हे दिसलं, पण तिनं ते दोन दिवस मान्य केलं नाही. गजभियांच्या घरात मान्य करायला तेवढा वेळ लागतोच. तिसऱ्या दिवशी तिनं बसमधून उतरताच निरोप धाडला: मांडव उत्तरेला.

असे रविवार जात राहिले. न्हाणीचं पाणी अळूकडे वळलं, मिरची उन्हात सरकली, गवारीनं कुंपण धरलं. कागदावरच, पण छायाला वास येऊ लागला. त्या चपट्या जुडीतली दोन-चार रोपं डब्यात तग धरून होती. उत्तम आला की आधी त्यांच्याकडे जायचा, गुन्हेगार ठाण्यात हजेरी द्यायला जातो तसा. भाऊराव ओट्यावरून सगळं पाहत असत. रूळ बदलणारा पॉइंट्समन असाच असतो; गाडी कुठल्या रुळावर चालली आहे हे त्याला गाडीच्या आधी कळतं.

दसऱ्याच्या दिवशी भाऊराव विहारातून परतले, पांढरा सदरा तसाच अंगावर. छायानं नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. विहिरीवर बोट ठेवलं, पाटाच्या पाण्यासोबत सरकवत नेलं, मांडवाशी थांबले, गोडनिंबाशी जास्त वेळ थांबले.

"विटा?"

"वाफ्यांच्या कडेला लावायच्या. नक्शात आहे," छाया म्हणाली.

"पटलं," भाऊराव म्हणाले.

छायाला वाटलं होतं आपण उडी मारू. पण तिनं उत्तमकडे पाहिलं. तो हसत होता, आणि ते हसणं बरोबर नव्हतं.

"मंग तू कुठं राहशीन रे बापा?" भाऊरावांनी विचारलं.

"सावरगावात एक खोली आहे म्हणतात."

"नदीच्या पल्याड? मंग गोटमारीत आमच्यावर दगड मारशीन का?"

"नेम चुकवीन, काका." उत्तमनं चपला घातल्या. "येतो मी. मालकाला आज भेटायचं आहे."

बाग मिळाली होती. तीन वर्षं मागितलेली बाग, हातात आलेली. आणि ज्याच्या सावलीनं तिचा मांडव हलवला तो माणूस नदी ओलांडून चालला होता, त्यानंच काढलेल्या नकाशामुळे. पहिल्या दिवशी बाबांनी विचारलेला प्रश्न तिला पुन्हा ऐकू आला: मग मी कोणाशी बोलू?

परतीचा पाऊस सांगून येत नाही. उत्तम मागच्या दारानं परसात उतरला आणि थेंब सुरू झाले, टपोरे, उन्हातले. सकाळीच चुन्याची फक्की टाकून आखलेली वाट पांढरी चमकत होती. हातभर रुंद. तो तिच्यावरून निघाला, दोन्ही बाजूंच्या नसलेल्या वाफ्यांना पाय लागू नये म्हणून जपून, जणू मेथी उगवलीच आहे.

छाया ओट्यावरून उतरली. कुंपणाच्या कडेनं वळसा घातला आणि दुसऱ्या टोकाकडून वाटेवर आली. मधोमध दोघं समोरासमोर.

"सरका," उत्तम म्हणाला.

"ठरलं काय होतं? ज्याला घाई नाही त्यानं सरकायचं. मला घाई आहे."

"कशाची?"

पाऊस वाढला. तिच्या वेणीवरून पाणी खांद्यावर उतरत होतं. चार वेळा मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी कुठे जातं कोण जाणे. पण छायाची एक गोष्ट चांगली होती. वाक्य सापडलं नाही तर ती नवं बनवायची.

"तुम्ही सावरगावला जाऊ नका. इथंच राहा."

"कुठं? खोली तर तुम्हीच..."

"खोली भाडेकरूला लागते."

उत्तमचे कान लाल. मग मान, मग सगळाच.

"लोक म्हणतील," तो हळूच म्हणाला, "पटवारी जमीन मोजायला आला आणि घर घेऊन बसला."

"नक्शात लोकांसाठी वाफा ठेवला आहे का?"

"...नाही."

"मग? मी तुम्हाला आवडते का नाही, तेवढं सांगा. मी भिजून राहिली."

"पहिल्या दिवसापासून," उत्तम म्हणाला. "डोकं आपटलं तेव्हापासून. मी त्या खोलीच्या आशेनं येतच नव्हतो, छाया. रस्ते इतके काहून काढले वाटते तुम्हाला? म्हटलं नक्शा पसंत पडला नाही तर पुन्हा यावं लागेल."

छायानं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे मेथीची वहिवाट..."

"मेथीची खरी होती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मिरचीची जरा जास्त झाली."

ती हसली, आणि यावेळी काहीच ठरवलं नव्हतं. तिनं हात पुढे केला. त्यानं धरला. वाट हातभर होती. दोघांतलं कोणीच सरकलं नाही.

ओट्यावरून छत्री उघडल्याचा आवाज आला.

"अरे, फक्की वाहून चालली!" भाऊराव ओरडले. "काय ठरवाचं ते लवकर ठरवा. मले जावई चालते, पण वाफे पुन्हा आखाले लावाल तर याद राखा!"

"काका, तुम्ही ऐकून राहिले होते?"

"मी पॉइंट्समन हाय. लाईन क्लिअर कव्हाची देल्ली, गाडीच सुटून नाई राहिली!"

लग्न हिवाळ्यात झालं, विहारात, साधंच. वाढपाला केसरबाई स्वतः उभी होती. भाजी वांग्याची होती, आणि जुडीतल्या त्या दोन-चार रोपांनी सगळ्यांत जास्त माल दिला, असं भाऊराव पंगतीत प्रत्येकाला सांगत फिरले. विटा वाफ्यांना लागून थोड्या उरल्या. त्यांचा गोडनिंबाखाली ओटा झाला. संध्याकाळी त्यावर बसून भाऊराव जावयाला धुक्याच्या रात्री सांगतात, आणि जावई कामावरून यायला उशीर झाला तर मिरचीला सांगतात.

उत्तम त्या ओट्यावर बसतो. पण बसायच्या आधी खाली पाहतो.