तोबियामाचं पाणी

आमच्या गावामागचा तोबियामा म्हणजे डोंगर कसला, टेकाडच. माथ्यावर जुन्या गढीची जोती, चार पाइन आणि वारा. पूर्वी वेढ्यात गढीतलं पाणी संपलं, तेव्हा शत्रूला फसवायला आतल्यांनी घोडे पांढऱ्या तांदळांनी धुतले. लांबून ते पाणीच वाटे. गावातल्या नुकुई घराण्यातल्या एकाने हे शत्रूला सांगितलं आणि गढीतली माणसं तहानेने तडफडून मेली. म्हणून गावातलं मूल सात वर्षांचं झालं की वर जाऊन त्यांच्यासाठी पाणी ओततं. नुकुई मात्र डोंगर चढत नाहीत.

माझा नवरा इत्सुओ जन्माने नुकुई. घरजावई झाला, आमचं कातागिरी आडनाव लावलं, तरी यंदा आमच्या मिओला सातवं संपून वर न्यायची वेळ आली तेव्हा तो पायथ्याशीच थांबला.

"आणि मिओ?" त्याने विचारलं.

"जावईबापू, ती कातागिरी आहे," माझे बाबा म्हणाले.

"मुलगी माझीही आहे ना, बाबा?"

"तू पण ना!" मी हसले. "डोंगर काय जन्मदाखला बघतो?"

ऊन छान होतं. मिओच्या दप्तराला अस्वलं हुसकायची घंटी बांधली होती. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, घंटी हलतेय, पण वाजत नाही.

"आई, तांदूळ कोण ओततंय?" मिओने विचारलं.

पाइनची सुकी पानं पडत असतील, असं मी म्हणाले. आवाज मलाही येत होता.

माथ्यावर बाबांनी पाणी ओतलं. मातीने ते पिऊन टाकलं. माझंही प्यायली. मिओने ओतलं, ते मात्र मुरेना. थेंब थेंब होऊन तिच्या बुटांपाशी परत आलं.

बाबांचा चेहरा उतरला. "चल खाली. मागे बघू नकोस."

त्या दिवसापासून मिओ पाणी पितेच आहे. ओठ कोरडेच. डॉक्टर म्हणतात, काही नाही. इत्सुओ म्हणतो, "मी विचारलं होतं." मला माझ्या त्या हसण्याचा संताप येतो.

आज सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं. मिओ स्टुलावर बसली होती. मांडीवर तांदळाचा डबा. डोंगराकडची खिडकी सताड उघडी.

ती ओंजळीने तांदूळ डोक्यावर ओतत होती.

"मिओ, काय करतेस?"

"हळू बोल, आई. ते बघतायत." तिने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "पाणी संपलंय हे कळू द्यायचं नाही. तू सांगणार नाहीस ना?"

तिच्या शेजारी नळ धो धो वाहत होता.