दीडपट पाक

बाटलीचं बूच भिंगबाईंच्या टेबलावरच उडालं आणि फेस थेट त्यांच्या नवऱ्याच्या वहीवर सांडला.

"बघितलंत?" कारखानदार म्हणाला. बूच उडाल्याचा त्याला आनंदच झालेला दिसत होता. "अशा साठ बाटल्या परत आल्यात. हे खोकल्याचं औषध आहे की फटाका, असं दुकानदार विचारतात!"

भिंगबाई पूर्वी वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षक होत्या. आता त्या खासगी तपास करत. भिंग मात्र गुन्ह्यांसाठी नव्हतं, खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यासाठी होतं. मदतीला नवरा असायचा. तो सगळं वहीत उतरवून घ्यायचा आणि त्यातलं फारच थोडं त्याला कळायचं.

"अहो, वही पुसा आधी," भिंगबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आणि तुम्ही पहिल्यापासून सांगा."

कारखानदाराने स्वतःपासूनच सुरुवात केली. कारखाना थोरल्या भावाने काढलेला. चार महिन्यांपूर्वी भाऊ गेला आणि कारभार याच्याकडे आला.

"दादाच्या वेळी नुसतं आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं! एक डागाळलेली वही, तीत काहीही कसंही लिहिलेलं. मी ती वही कपाटात टाकली आणि पाकाची कृती फळ्यावर सुबक अक्षरांत काढली. आता बाटल्या दीडपट निघतात. दीडपट!"

"आणि त्यांची बुचं उडतात."

"ती चोरीमुळे! पाकात साखर कमी पडली की पाक आंबतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तपासून घेतलं. शंभर मिलिलिटर पाकात पंच्याऐंशी ग्रॅम साखर हवी, तर भरली छप्पन्न. तिसरा हिस्सा गायब! आणि पाक कोण करतं? वहिनी. एकटी."

"म्हणजे थोरल्या भावाची बायको?"

"हो. दादा गेल्यावर म्हणाली, मी काम शिकते. पन्नाशीला लेकीची अकरावीची पुस्तकं काढून द्रावणांची गणितं सोडवत बसते. आणि इकडे साखरेला पाय फुटतात! आज पाचला आईला कारखान्यात बोलावलंय. वहिनीने पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही, एवढं आईसमोर ठरवायचं. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"पुरावा देऊ, की खरं काय ते सांगू?"

"एकच की!"

भिंगबाईंना त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढावंसं वाटलं. पण पाचला एका बाईच्या कपाळी चोरीचा शिक्का बसणार होता, म्हणून त्या चपला घालून निघाल्या.

कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक कोठी. आत शिरताच आंबूस वास आला. समोर फळा होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'साखर साडेआठ किलो, दहा लिटर पाण्यात. गरम करून विरघळवणे.' भोवती रंगीत खडूंची वेलबुट्टी आणि खाली कारखानदाराची सही.

कोठीवाला कपाळाला आठ्या घालूनच बोलायला बसला.

"साखर मी देतो, साडेआठ किलो, काट्यावर. पुढचं मला विचारू नका. मोठे साहेब होते तेव्हा दहा लिटरच्या पातेल्यात सगळं मावायचं. हा फळा आला त्याच दिवशी पाक उतू गेला. फरशी मी पुसली, मुंग्या मला चावल्या, आणि साहेब म्हणाले मोठं पिंप आणा. आणलं!"

बाटल्या भरणारी तर विचारायच्या आधीच सुरू झाली.

"लेबलांचं बघा आधी! दर खेपेला शंभर लेबलं येतात आणि बाटल्या भरतात एकशे बावन्न. छापखानेवाल्याशी भांडून भांडून माझा घसा बसला. शेवटी आमचंच औषध घ्यावं लागलं."

"गुण आला?" नवऱ्याने आस्थेने विचारलं.

"अहो!" भिंगबाई ओरडल्या.

वहिनी पिंपाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवी उलटी करून समोर ओतली. डबा, चष्मा, रुमाल, गणिताची वही.

"घ्या झडती. घरी पण या. चहाच्या डब्यात जेवढी आहे तेवढीच साखर सापडेल." त्यांनी रिकामी पिशवी झटकली. "हा कारखाना आम्ही दोघांनी उभा केला. पहिल्या बाटल्या मी धुतल्यात. इथून मला चोर म्हणून बाहेर काढणार?"

भिंगबाईंनी वही उघडली. एक पान खोडरबराने घासून इतकं पातळ झालं होतं की पलीकडचं दिसत होतं. त्यांनी प्रथमच भिंग काढलं.

"हे का खोडलंत?"

"चुकलं होतं. फळा आला त्याच महिन्यात सोडवलं होतं, पण फळ्यावरच्या मापांनी उत्तर पंच्याऐंशी ग्रॅम येईचना. तीनदा केलं, तीनदा तेच. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, फळ्यावर लिहिलंय तेवढं करा, डोकं चालवू नका. मग खोडलं."

बाहेर येताच नवरा कुजबुजला, "कोठीवालाच चोर! त्याच्या शर्टावर मुंग्या होत्या."

"साखरेच्या कोठीत मुंग्या नाही तर काय हत्ती असणार? जा, एक लिटर कोमट पाणी, साडेआठशे ग्रॅम साखर आणि मापाचं भांडं आणा. दोन लिटरचं. आणि काही खाऊ नका त्यातलं."

पाच वाजता वहिनींच्या सासूबाई आल्या. त्यांना खुर्ची दिली. कारखानदार उभाच होता.

"चोर कोण ते सांगा आणि संपवा," तो म्हणाला.

"चोरी झालेलीच नाही," भिंगबाई म्हणाल्या. "एका खेपेला बाटल्या एकशे बावन्न. बाटली शंभर मिलिलिटरची. तुमच्याच तपासणीप्रमाणे दर बाटलीत साखर छप्पन्न ग्रॅम. अहो, गुणाकार करा."

नवऱ्याने तो दोनदा केला. "आठ हजार पाचशे बारा."

"म्हणजे साडेआठ किलो. पिंपात गेली तेवढी सगळी साखर बाटल्यांत आहे. साखर चोरीला गेली असती तर हा हिशेब तुटला असता. इथे साखर तेवढीच आणि पाक दीडपट! आणि तुम्ही ते गावभर मिरवत होतात."

"पण पाणी मी दहा लिटरच घालते," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर! अहो, साखर ओता. ढवळा. हात चालवा जरा."

एक लिटरच्या रेघेवरचं पाणी चढू लागलं. सगळी साखर विरघळली तेव्हा ते दीड लिटरच्याही वर जाऊन थांबलं.

"साखर विरघळली म्हणजे नाहीशी झाली असं नव्हे. ती जागा अडवते. म्हणून पातेलं उतू गेलं आणि म्हणूनच लेबलं कमी पडली. आता कपाटातली ती डागाळलेली वही काढा."

कारखानदाराने ती दोन बोटांनी धरून आणली. भिंगबाईंनी मोठ्याने वाचलं: "'साखर साडेआठ किलो. पाणी घालत जायचं, सगळं मिळून दहा लिटर भरेपर्यंत.' आणि तुमचा फळा काय म्हणतो? 'दहा लिटर पाण्यात'! सगळा घोळ त्या एका 'त'ने केलाय. लोक 'त' म्हणता ताकभात ओळखतात. तुम्ही स्वतः लिहिलेला 'त' चार महिने ओळखला नाहीत."

"अर्थ एकच की! फळ्यावर जागा नव्हती, म्हणून मी जरा आटोपशीर..."

"वेलबुट्टीला होती!"

बाटल्या भरणारी फिसकन हसली.

"आणि हे शोधून काढणारी मी पहिली नव्हे." भिंगबाईंनी ते पातळ पान सासूबाईंसमोर धरलं. "हे बघा. साखरेची जागा पाच लिटरच्या वर, एकूण पाक पंधराच्या वर, शंभर मिलिलिटरला साखर छप्पन्न ग्रॅम. बाटल्या परत येण्याच्या कितीतरी आधी तुमच्या सुनेने हे तीनदा बरोबर सोडवलं होतं. आणि तीनदा खोडलं."

वहिनींनी वही ओढून घेतली आणि पानावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते.

"मला वाटलं, आपल्याला हे जन्मात जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "रोज रात्री वाटायचं. आणि हे बरोबर होतं?"

"शंभर टक्के."

सासूबाई लेकाकडे वळल्या. "हिला चोर ठरवायला मला एवढ्या लांब चालवत आणलंस?"

कारखानदाराने डस्टर घेतलं आणि फळा पुसला, आधी अक्षरं, मग वेलबुट्टी, मग सही. खडू वहिनींपुढे धरला.

"वहिनी, तुम्हीच लिहा."

वहिनींनी चष्मा लावला, पण खडू लगेच घेतला नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता डोकं चालवू ना?"