ढोबळे यांचा स्वभाव

भोसरीच्या स्वभावमापन प्रयोगशाळेत डॉ. मृणालिनी खासनीस एका प्राध्यापकांचं तक्रारपत्र तिसऱ्यांदा वाचत होत्या. पत्र टंकलेखित होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

"माझ्या स्वचलित गाडीत कोणा असंस्कृत इसमाचा स्वभाव भरण्यात आला आहे," प्राध्यापकांनी लिहिलं होतं. "ही गाडी सिग्नल सुटण्याआधीच भोंगा वाजवते. उजवीकडे वळायचं असलं की सर्वांत डावीकडे जाऊन उभी राहते. काल तिने एका सायकलस्वाराला फुटपाथवर चढायला लावलं आणि नंतर त्याच्याकडे पाहण्यासाठी वेग कमी केला. सदर इसमाचं नाव मला कळवावं."

सदर इसमाचं नाव वर, पत्ता लिहितात त्या जागी होतं. ते प्राध्यापक स्वतःच होते.

मृणालिनीबाईंनी पत्र दोनशे अकरा पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. दोनशे बारा जणांपैकी एकानेही स्वतःला ओळखलं नव्हतं. त्यांच्या बायकांकडून मात्र तक्रार नव्हती. त्यांनी नवऱ्यांना ओळखलं होतं.

समोर 'सुगम वाहन' कंपनीचे कायदा-अधिकारी ॲडव्होकेट निरंजन गुर्जर बसले होते. हा माणूस चहा पिताना बशीचाही आवाज होऊ देत नसे.

"मुळात माणसांचे स्वभाव गाडीत घालायची दुर्बुद्धी कोणाची, बाई?"

"माझी," मृणालिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला पहिल्या गाड्या आठवतात ना? नियमाने चालणाऱ्या?"

गुर्जरांना आठवत होत्या. त्या गाड्या चौकात उभ्या राहत आणि वाट मोकळी होण्याची वाट पाहत. पुण्यात वाट मोकळी होत नाही, ती करून घ्यावी लागते. एक गाडी कर्वे रस्त्याच्या एका चौकात साडेचार तास थांबली होती. तेवढ्यात कोणीतरी तिच्यावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक बांधून गेलं.

"नियम इथे सगळ्यांना पाठ आहेत," त्या म्हणाल्या. "पण गाडी चालते ती स्वभावावर. समोरचा घुसणार की थांबणार, हे आपण त्याच्या गाडीच्या नाकावरून ओळखतो. म्हणून आम्ही माणसाचा पाय, मान, मुठीची पकड आणि श्वास नव्वद दिवस नोंदवले आणि त्यांची स्वभावप्रत काढली. ती गाडीत घातली की गाडी हुबेहूब त्या माणसासारखी चालते."

"आणि नोंदवताना माणूस चांगुलपणाचं नाटक करत असेल तर?"

"नाटक करणाऱ्याचा पाय आधी विचार करतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर होतो. आम्ही त्याला अभिनयविलंब म्हणतो. तो यंत्राला दिसतो आणि आम्ही तेवढा भाग गाळून टाकतो. बऱ्याच लोकांच्या बाबतीत नव्वद दिवसांतले सत्तर गाळावे लागले."

"म्हणजे माणूस पहिल्यांदाच आपल्या स्वभावाशेजारी बसला, आणि घाबरला."

"हो. साठ हजार गिऱ्हाइकांना आपला स्वभाव आवडतो, त्यांची तक्रार नाही. पत्रं दोनशे बारा जणांनीच लिहिली, पण उरलेल्या चाळीस हजारांना दुसरा हवाय."

गुर्जरांनी बशी खाली ठेवली. "मग एकच चांगला स्वभाव शोधा आणि चाळीस हजारांत तोच घाला. फक्त कायदा लक्षात ठेवा. गाडी ज्याच्या स्वभावाने चालते, तोच तिचा चालक समजला जातो. यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही आणि कंपनीला टाकायची आपल्याकडे पद्धत नाही. त्या स्वभावदात्याची सही लागेल."

"अशी सही कोण करेल?"

"बाई," गुर्जर म्हणाले, "तुम्ही कधी कोणाचा सत्कार केलेला नाही वाटतं."

हणमंत निवृत्ती ढोबळे हे जतचे. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले आणि आता हडपसरला मुलाकडे राहणारे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडीसुद्धा गेली नव्हती. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते सणावारी सदऱ्याला लावत. नव्वद दिवसांच्या नोंदीत त्यांचा अभिनयविलंब शून्य निघाला, असा माणूस यंत्राने याआधी पाहिलेला नव्हता. आडव्या येणाऱ्या दुचाकीला ते हाताने 'जा' म्हणत आणि ती गेल्यावर त्यांच्या श्वासात काडीचाही फरक पडत नसे.

"राग येत नाही, ढोबळेकाका?" मृणालिनीबाईंनी विचारलं होतं.

"कशाला येतोय? त्याला घाई असंल. माझ्या मागं पन्नास माणसं बसलेली असायची ओ मॅडम, मी रागावून कसं चालंल?"

सत्कार एका सभागृहात झाला. फेटा, शाल, श्रीफळ आणि करारनामा असा क्रम होता. करारनामा चौतीस पानी होता. ढोबळे यांच्या एका हातात नारळ होता, गळ्यातल्या हाराने खालचं दिसत नव्हतं आणि छायाचित्रकार "इकडे बघा" म्हणत होता. व्यासपीठावर सत्कार चालू असताना चौतीस पानं वाचत बसणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे. ढोबळे यांनी इकडे बघत सही केली.

पुढच्या आठवड्यात चाळीस हजार गाड्यांत हणमंत ढोबळे बसले.

शहरात फरक पडला, हे मान्य करायला हवं. गाड्या म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडू देऊ लागल्या. प्राध्यापकांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं. गाडीत आता आपला खरा स्वभाव दिसतो, असं त्यांनी त्यात नमूद केलं होतं.

पहिल्या अपघाताच्या वेळी ढोबळे हडपसरला सलूनमध्ये दाढी करून घेत होते. हवालदाराने त्यांना साबण पुसायला वेळ दिला.

वर्षअखेर ढोबळे यांच्या नावावर एकशे एकतीस अपघात आणि नऊ मृत्यू जमा झाले.

वाहन-स्वभाव न्यायाधिकरणापुढे मृणालिनीबाईंची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली. त्यांना ढोबळे यांना वाचवायचं होतं आणि त्यांच्याकडे त्यासाठी फक्त गणित होतं.

"पूर्ण निर्दोष चालक जगात नसतो," त्या म्हणाल्या. "ढोबळे यांच्या स्वभावाच्या माणसाला सरासरी तीनशे वर्षांत एक अपघात होतो. ते एकतीस वर्षंच चालवत होते, म्हणून तो व्हायचा राहिला. आम्ही त्यांना एका वर्षात चाळीस हजार वर्षं चालवायला लावलं. भागाकार केला तर एकशे तेहतीस येतात. त्यांनी त्याहून दोन कमी केले."

"म्हणजे अपघात त्यांच्याच स्वभावाने झाले?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, दुसरा कोणताही स्वभाव असता तर त्याच गाड्यांनी—"

"होय की नाही?"

"होय."

"एका चालकाने एका वर्षात एकशे एकतीस अपघात," अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले. "मोठ्या अक्षरात घ्या."

मग गुर्जरांनी तुलनेसाठी एक तक्ता सादर केला. आपापल्या स्वभावाने चालणाऱ्या साठ हजार गाड्यांचे नोंदलेले अपघात होते बारा. त्याखाली बारीक अक्षरात 'अज्ञात वाहन: दोन हजार तीनशे' अशी एक ओळ होती. त्या ओळीबद्दल कोणी काही विचारलं नाही. अज्ञात वाहनाचा वकील नसतो.

निकालात एक अडचण होती. ढोबळे यांचा परवाना रद्द केला असता तर चाळीस हजार गाड्या जागच्या जागी थांबल्या असत्या आणि त्यांतल्या एकीत अध्यक्ष घरी जाणार होते. म्हणून न्यायाधिकरणाने तोड काढली. ढोबळे यांच्या देहाचा परवाना रद्द झाला आणि स्वभावाचा कायम राहिला. पहिलं वर्ष म्हणून कैद माफ झाली. यापुढे मात्र प्रत्येक मृत्यूला एक वर्ष. सरासरी पाहता ढोबळे यांना दर वर्षी नऊ वर्षांची कैद होणार होती.

बाहेर व्हरांड्यात ढोबळे बाकावर बसले होते. नऊ मृतांपैकी सहा जणांच्या घरी ते स्वतः जाऊन आले होते. एका ठिकाणी त्यांना पाणी मिळालं आणि एका ठिकाणी चप्पल. तिसऱ्या घरी मुलीने दारातच विचारलं, "तुम्हीच का ते?" त्यावर "गाडीतला मी" एवढंच त्यांना सुचलं. नातवाच्या शाळेच्या गाडीतही तेच बसलेले असल्यामुळे सूनबाई आता नातवाला पायी नेत असे.

"मॅडम, एक विचारू? त्या साठ हजारांचे बाराच कसे ओ? लई चांगले चालवतात काय ते?"

मृणालिनीबाईंनी खरं उत्तर दिलं. त्यांच्या हातून वर्षभरात झालेली ही एकमेव चूक. "नाही, काका. ते थांबत नाहीत. तुमचा स्वभाव थांबण्याचा आहे. धक्का लागला की तुमची गाडी थांबते, रुग्णवाहिका बोलावते आणि पोलीस येईपर्यंत उभी राहते. तुम्हाला कोणी पकडत नाही, तुम्ही सापडता."

"असं आहे होय," ढोबळे म्हणाले. त्या वेळी त्यांना कोणतंही यंत्र जोडलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या श्वासाचं काय झालं याची नोंद नाही.

कायद्याने स्वभावप्रतीची मुदत एक वर्षाची, खटल्यामुळे ती महिनाभर वाढवून मिळालेली. माणूस बदलतो, तेव्हा प्रत ताजी हवी, असं कलम मृणालिनीबाईंनीच आग्रहाने घालून घेतलं होतं. पुनर्नोंदीसाठी ढोबळे यांच्या देहाला तीस दिवसांचा तात्पुरता परवाना मिळाला आणि त्यांना आभासी मार्गकक्षात बसवण्यात आलं. चारी बाजूंना रस्ता दिसणारी ती खोली. गाडी जागेवरच असते, पण आत बसलेल्याला ते दहा मिनिटांत विसरायला होतं.

दहा दिवस ढोबळे नेहमीसारखेच चालवत होते. दुचाकीला 'जा' म्हणत होते. विलंब शून्य होता.

अकराव्या दिवशी मार्गकक्षाने त्यांच्यापुढे टळू न शकणारा अपघात ठेवला. तो सगळ्यांपुढेच ठेवतात. उभ्या टेम्पोमागून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई अचानक पुढे आली. धक्का बसला.

ढोबळे यांचा पाय ब्रेकवर गेला, निम्म्यावर थांबला, उचलला आणि शेजारच्या ॲक्सिलरेटरवर ठेवला गेला. गाडी निघाली. श्वास एकसारखा होता. पुढच्या चौकात त्यांनी एका आजोबांना रस्ता ओलांडू दिला.

मृणालिनीबाईंनी आकडे दोनदा तपासले. त्या कक्षाजवळ गेल्या तेव्हा ढोबळे रुमालाने मान पुसत उतरत होते.

"काका, ती बाई..."

"व्हय ओ. वाईट झालं. पिशवीतली वांगीसुद्धा दिसली मला."

"तुम्ही मुद्दाम केलंत का? मला सांगा, मी कोणाला सांगणार नाही."

"काय केलं?"

"थांबला नाहीत."

ढोबळे यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मृणालिनीबाईंना बरं वाटलं असतं. "थांबलो की मी," ते म्हणाले. "ब्रेक मारला, बघा की तुमच्या यंत्रात. थांबलो नाही होय?"

आतल्या खोलीत गुर्जर नोंदपट्टी बघत होते.

"विलंब?" त्यांनी विचारलं.

"शून्य. हे नाटक नाही. म्हणून गाळता येत नाही. थांबलं की आपण सापडतो, हे त्यांच्या पायाला कळलंय, त्यांना अजून कळलेलं नाही."

"बाकी स्वभाव?"

"जसाच्या तसा. अतिशय सज्जन."

"मग अडचण काय?"

"गुर्जर, या चाळीस हजार गाड्या उद्यापासून माणूस पाडून निघून जातील."

"साठ हजार आजही जातात," गुर्जर शांतपणे म्हणाले. "आणि त्या माणसाला वर्षाला नऊ वर्षं व्हायची होती, ती टळतील. तुम्हाला त्यांना वाचवायचंच होतं ना? जुनी प्रत वापरायची म्हणाल तर तिची मुदत परवा संपतेय. नवी नाकारायची तर कारण लिहावं लागेल. प्रमाणपत्रावर प्रश्न एकच आहे, बाई. प्रत मूळ स्वभावाशी जुळते का?"

जुळत होती. नव्याण्णव पूर्णांक आठ टक्के जुळत होती. प्रयोगशाळेच्या इतिहासातली ती सर्वांत अचूक प्रत होती. मृणालिनीबाई दोन दिवस त्या प्रमाणपत्राशेजारी बसून राहिल्या आणि मुदतीच्या दिवशी, कार्यालय सुटण्यापूर्वी, त्यांनी 'होय' लिहून सही केली. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं.

सहा महिन्यांनी ढोबळे प्रयोगशाळेत पेढे घेऊन आले. सहा महिन्यांत एकही समन्स आलं नव्हतं. सूनबाईने नातवाला पुन्हा शाळेच्या गाडीत बसवायला सुरुवात केली होती. 'सुगम वाहन'च्या अहवालात ढोबळे यांच्या नावापुढे सुबक शून्य छापलेलं होतं.

"तुमच्यामुळं सुटलो, मॅडम," ते म्हणाले.

मृणालिनीबाईंनी पेढा घेतला. खरं काय ते सांगावं असं त्यांना वाटलं. पण सांगितलं असतं तर पुढच्या नोंदीत ते उतरलं असतं, पाय पुन्हा ब्रेकवर राहिला असता, आणि जे कोणी नऊ जण मरायचे होते त्यांच्यासाठी हा माणूस तुरुंगात गेला असता. त्यांनी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलायचा प्रश्न उरला नाही.

ढोबळे टेबलावरचा पेपर चाळत होते. आतल्या पानावर एका चौकटीत नेहमीची बातमी होती. अज्ञात वाहनाची धडक, पादचारी महिला ठार, वाहनाचा शोध सुरू. या महिन्यातली ती सत्तावन्नावी होती.

ढोबळे यांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि खरोखरच्या दुःखाने मान हलवली.

"काय माणसं असतात ओ," ते म्हणाले. "नुसतं थांबायला काय होतंय यांना?"