तीन अनूंच्या उंचीवरून

दुपारी एक ते अडीच हा माझा वेळ. अनू जेवते, केसांत भाताची शितं घेऊनच झोपते, आणि मी टेबल खिडकीशी ओढून चौकटी काढायला बसते. कधी दीड तास मिळतो, कधी वीस मिनिटं. शेजारी कुणी मिक्सर लावला की संपलं.

आम्ही कासारसाईत राहतो, रत्नाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. कैलास, माझा नवरा, हिंजवडीला कामाला जातो. सकाळी आठला गाडी काढतो तो दिवे लागायला परत. खिडकीसमोर शहाबादी फरशीचं अंगण, त्यापलीकडे उसाचा फड, आणि फडाच्या कडेकडेने धरणाच्या पाण्याकडे जाणारी पायवाट. शनिवार-रविवारी धरणावर पुण्याची माणसं येतात. एरवी इतकं शांत, की अनूचा श्वाससुद्धा टेबलापर्यंत ऐकू येतो.

मी स्टोरीबोर्ड काढते. फिल्म बनण्याआधी ती कागदावर चौकटीचौकटीने बघायची असते. कॅमेरा कुठे ठेवलाय, माणूस कुठे उभं आहे, कुठून कुठे जातंय, सगळं रेघांनी आणि बाणांनी. अनू झाल्यावर दोन वर्षं हे सुटलं होतं. नोव्हेंबरात शहनवाजदादांचा फोन आला. ते मूळचे पौडचे. लग्नाआधी मी त्यांच्याच कोथरूडच्या स्टुडिओत बसायचे.

"सहा मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आहे," ते म्हणाले. "चॅनलला आवडली तर पुढे तेरा भागांची मालिका. दोन वर्षं घरी बसून काम. नाही आवडली तर मात्र तुला ऑफिसलाच यावं लागेल शुभांगी, घरून देण्यासारखं दुसरं काही नाही माझ्याकडे."

ऑफिस म्हणजे अनू सकाळी साडेसातपासून पाळणाघरात. कैलास नुसतं म्हणाला होता, "एका पगारात हे वर्ष निघेल, पुढचं नाही." म्हणजे ही फिल्म जमली तर अनू माझ्याजवळ, नाहीतर नाही. इतकं सोपं होतं ते.

"गोष्ट काय आहे?" मी फोनवर विचारलं.

"एक छोटी मुलगी घरातून निघते आणि पाण्यापर्यंत जाते. बास. पण सगळी फिल्म मागून दिसते. कुणीतरी तिच्या मागे आहे आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघतोय. शेवटच्या चौकटीत कॅमेरा उलटा फिरतो, तेव्हा कळतं कोण ते."

"कोण असतं?"

"मला कुठे माहितीये अजून. तू काढत जा, सापडेल."

फोन ठेवला आणि मी अनूला उचलून स्वयंपाकघरात गरागरा फिरले. तिला वाटलं, नवा खेळ आहे. "अजून," म्हणाली. मी अजून फिरले.

माझी एक पद्धत आहे. पहिल्या फेरीत विचार करायचा नाही. निळी पेन्सिल, पत्त्याएवढी चौकट, एका चौकटीला दोन मिनिटं. हात नेईल तिकडे जायचं. चुका दुसऱ्या फेरीत दुरुस्त होतात, पण पहिल्या फेरीत जे येतं ते विचार करून कधीच येत नाही. मुलगी म्हणून अनूच काढली. तिची पाठ, फ्रॉकची सुटलेली नाडी, मानेवरची केसांची दोन कुरळी वेटोळी. हीच पायवाट, हाच ऊस. चार दुपारींत बेचाळीस चौकटी झाल्या. त्या दिवसांत मला नीट जेवणसुद्धा जात नव्हतं. भाकरी थापताना पुढची चौकट दिसायची आणि पिठाच्या हाताने मी ओट्यावरच रेघा मारायचे.

रत्नाबाई लसूण सोलायला आमच्या दारात येऊन बसायच्या. भिंतीवर ओळीने चिकटवलेल्या चौकटी त्यांनी एकदा निरखून पाहिल्या.

"हे समदं मागूनच का काढलंस गं? पोरीला त्वांड न्हाई व्हय?"

"मागून कुणीतरी बघतंय तिला, मावशी. तशी गोष्ट आहे."

"लई उच्चावरून बघतंय."

मी हसले. पण नजर भिंतीवर गेली, आणि बाई म्हणतात ते खरं होतं.

चित्रातली क्षितिजाची रेघ म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. बसून बघितलं की ती खाली येते, गच्चीवरून बघितलं की वर जाते. कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात. मुलगी चित्रात जवळ असो की लांब, तिच्या पावलापासून क्षितिजापर्यंत तिच्या किती उंच्या मावतात ते मोजायचं. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती वर आहेत ते कळतं. मी पट्टी घेतली. पहिल्या चौकटीत तीन उंच्या भरल्या. पाचवीत तीन. बारावीत अनू नखाएवढी होती, तरी तीन.

तीन अनू. लसीच्या वेळी तिची उंची मोजली होती, दोन फूट नऊ इंच. तिप्पट केली की सव्वाआठ फूट.

मी टेबलाशी बसते तेव्हा माझे डोळे जमिनीपासून चार फुटांवर असतात. उभी राहिले तर पावणेपाच. सव्वाआठ फुटांवरून हे अंगण मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि दोन-दोन मिनिटांत, पट्टीशिवाय, हातानं ते बिनचूक काढलं होतं. तिसाव्या चौकटीपर्यंत रेघ केसभरही हललेली नव्हती. पुढे ती उतरत गेली. अडीच अनू, दोन, दीड. आणि अनू प्रत्येक चौकटीत मोठी होत गेलेली.

बघणारं जवळ आलं होतं आणि खाली वाकत होतं.

मला त्या क्षणी भीती नाही वाटली. खरंच सांगते, आनंद झाला. असं काम वर्षानुवर्षं धडपडून होत नाही. मी फोटो काढून शहनवाजदादांना पाठवले आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"काय केलंयस हे. माझ्या अंगावर काटा आलाय बघ. पुढच्या मंगळवारी चॅनलला दाखवायचं. फक्त शेवटची चौकट राहिली."

शेवटची चौकट म्हणजे उलटा शॉट. मुलीच्या जागेवरून मागे वळून बघायचं. मी दोन दुपारी कोऱ्या चौकटीसमोर बसले. हात जागचा हलला नाही.

तिसऱ्या दुपारी अनू झोपलीच नाही. अंगणात खेळत होती आणि मी खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवून होते. रत्नाबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"शुभांगी, तुझी पोर वर बघून कुनाशी बोलती गं? पोरं ह्या वयात खाली बघत्यात. मुंग्या धरत्यात, माती खात्यात. हिचं आपलं वरच."

"विमानं बघत असेल."

"विमान काय घंटाभर एका जागी थांबतंय व्हय? आन् त्या कोंबड्या बघ. सावली न्हाई काय न्हाई, तरी भर उनाच्या तितंच दाटीवाटीनं बसत्यात."

खरंच, फरशीच्या मधोमध पाच कोंबड्या एका लांबट पट्ट्यात अंग चोरून बसल्या होत्या. पट्ट्याबाहेर एकही नाही.

"पूर्वी तिथे झाड असेल मावशी. सवय लागली असेल त्यांना."

"झाड कवाच नव्हतं तितं. आन् कोंबड्या ह्या दिवाळीला आणल्यात."

त्या तांदूळ पाखडत राहिल्या. मी बाहेर गेले. अनू पट्ट्याच्या कडेला उभी होती. मान मागे टाकलेली, तोंड जरा उघडं. गोष्ट सांगताना माझ्याकडे बघते तशी.

"कोण आहे गं अनू?"

ती लाजली. फ्रॉकचं टोक तोंडात घातलं.

मी घरात जाऊन जळमटं काढायची लांब काठी आणि खडू आणला. काठी समोर उभी धरली आणि दुसऱ्या हातातल्या खडूचं टोक तिच्यावरून हळूहळू वर सरकवू लागले. हात पोहोचेना तेव्हा स्टुलावर चढले. "इथे बघतेस? इथे?" अनू नाही म्हणून मान हलवत होती. मग हलवायची थांबली आणि खुदकन हसली. मी तिथे खूण केली. काठी आडवी ठेवून टेप लावला.

सव्वाआठ फूट.

रत्नाबाईंनी विचारलं, "काय मोजतीस?"

"काही नाही मावशी. फिल्मचं आहे."

"येडी गं बाई तू," त्या म्हणाल्या, पण उठून सूप घेऊन आत गेल्या आणि त्या दिवशी परत पायरीवर बसल्या नाहीत.

रविवारी सकाळी शहनवाजदादांचा फोन आला. त्यांनी आधीच पाठवलेल्या चौकटी चॅनलच्या बाईंनी पाहिल्या होत्या. सगळ्या आवडल्या, पण लहान मुलं घाबरतील म्हणाल्या.

"मग मी सुचवलं, बघणारी आईच असू दे. त्या एकदम खूश. सोपं आहे शुभांगी. शेवटी कॅमेरा फिरला की आई दिसते. वाकलेली, हात पसरलेले. संपलं. छान गोड."

"पण उंची जुळत नाही. एवढ्या उंचीची आई नसते कुणाची."

"कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"मला कळतं ना."

"मग सगळ्या चौकटी आईच्या उंचीवरून पुन्हा काढ."

बेचाळीस चौकटी, दोन दिवस, आणि अनूला सर्दी झालेली. शिवाय, कबूल करते, त्या वरून दिसणाऱ्या चौकटी मला मोडवत नव्हत्या. त्या माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. मी रेघ जिथे होती तिथेच ठेवली. शेवटच्या चौकटीत फक्त आई काढली. माझाच पंजाबी ड्रेस, माझीच वेणी, गालावरची माझी खळी. खाली वाकलेली, हात पसरलेले. ही चौकट दोन मिनिटांत झाली. हात आपसूक चालला, जणू परवानगीच मिळाली होती.

मग सगळ्या चौकटी ओळीने लावून, प्रत्येकीला किती सेकंद ते ठरवून, मागे पावलांचा आवाज घालून मी त्यांची चलचित्रफीत केली. अनू खोकत माझ्या मांडीवर होती. तिच्या डोक्यावरून हात घालून मी कीबोर्ड चालवत होते. सोमवारी संध्याकाळी पाठवून दिली.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"मंजूर," शहनवाजदादा म्हणाले. "तेराच्या तेरा भाग. आईची चौकट बघून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिनंदन बाळा. बस आता घरी, पोरीला घेऊन."

मी कैलासला फोन लावला आणि नुसतंच "अनू, अनू" म्हणत राहिले. तो तिकडून विचारत राहिला, "काय झालं, अनू बरी आहे ना?" मी म्हणाले, "बरी आहे. इथेच आहे. आता इथेच असणार आहे." शेवग्याच्या शेंगा चिरत होते त्या तशाच टाकल्या आणि रवा भाजायला घेतला. शिरा झाला. अनू उठली. सर्दी उतरली होती, गाल गरम आणि मऊ. तिला मांडीवर घेऊन लॅपटॉपवर तिची फिल्म दाखवली.

ती टाळ्या वाजवत होती. पाण्याजवळची चौकट आली. कॅमेरा फिरला. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"आई."

"हो गं माझ्या राणी. आई."

तिने पुन्हा एकदा बघितलं. मग अगदी समजल्यासारखी मान हलवली, मांडीवरून उतरली आणि अंगणात गेली.

मी कपात दूध ओतत होते.

"आई," बाहेरून आवाज आला.

"आले गं."

"आई, घे."

मी कप घेऊन दारात आले. अनू माझ्याकडे पाठ करून उभी होती. मान पूर्ण मागे. दोन्ही हात वर.

"अनू, मी इकडे आहे."

तिने वळून पाहिलं. रत्नाबाईंकडे पाहुणे येतात त्यांच्याकडे पाहून हसते, तशी हसली. शहाण्यासारखी, परक्यासारखी. आणि पुन्हा तोंड वर केलं.

"आई, घे ना."

मी पायरी उतरले.

तिच्या टाचा उचललेल्या होत्या. कुणी कडेवर घेणार असलं की ती नेहमीच टाचा उचलते.

तीनचं ऊन फरशीवर तिरकं पडलं होतं. ते तिच्या टाचांखालून पलीकडे गेलं होतं. चवड्यांखालूनही.